मोठ्या शिकारीसाठी परवडणारी बोल्ट-ॲक्शन रायफल : कोणती घ्यावी आणि खर्च कशावर करावा?

पहाटवारा

नमस्कार.

गेली काही वर्षे मी .२२ रिमफायर या कमी ताकदीच्या रायफलीने कागदी लक्ष्यांवर नियमित सराव करतो आहे आणि अनुभवी शिकाऱ्यांबरोबर केवळ सोबती म्हणून रानात जात आलो आहे. आता परवान्याचे सोपस्कार पूर्ण झाले असून, पुढचा हंगाम सुरू होण्यापूर्वी स्वतःची पहिली सेंटरफायर, म्हणजे अधिक ताकदीच्या काडतुसाची, रायफल घ्यावी असा विचार आहे. सावज मुख्यतः मोठी हरणे आणि एल्क हे आणखी मोठे हरीण असेल. पुढेमागे मूस या त्याहूनही मोठ्या हरणाच्या शिकारीची संधी मिळाली, तर तिच्यासाठी दुसरी रायफल घ्यावी लागू नये अशी इच्छा आहे. प्रदेश दोन्ही प्रकारचा आहे. दाट झाडीत सावज शंभर यार्डांच्या आत उभे असते, तर मोकळ्या उतारावर हेच अंतर अडीचशे यार्डांच्या पुढे जाते.

माझी अडचण अशी की जी रक्कम मी बाजूला काढली आहे, तिच्यातच रायफल, दुर्बीण, ती बसवण्याची कडी आणि सरावाची काडतुसे हे सारे भागवायचे आहे. रुगर अमेरिकन, सॅव्हेज ॲक्सिस आणि मॉसबर्ग पेट्रियट या तीन रायफली माझ्या आवाक्यात सहज येतात. टिक्का टी३एक्स किंवा होवा १५०० घ्यायची झाल्यास दुर्बिणीवर हात आखडता घ्यावा लागेल. स्वस्त रायफलीत नेमके काय स्वस्त केलेले असते आणि त्याचा शिकारीत किती फरक पडतो, हे मला समजून घ्यायचे आहे. सोबतची काही मंडळी म्हणतात की एल्क आणि मूस यांच्यासाठी .३०० विंचेस्टर मॅग्नम या फार जोरदार काडतुसापेक्षा कमी काही घेऊच नये. त्याविषयीही आपले मत हवे आहे. जुनी, वापरलेली रायफल घेणे पहिल्या खरेदीत शहाणपणाचे ठरेल का, हेही कृपया सांगावे.

व्याध

स्वस्त रायफलीत काय स्वस्त असते, हा आपला प्रश्न मला सर्वांत मोलाचा वाटतो, कारण त्याचे उत्तर कळले की ब्रँडच्या नावावरून होणारे वाद आपोआप मागे पडतात.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. आज या वर्गातल्या रायफलींची नळी स्वस्त नसते, म्हणजे तिच्या नेमकेपणात काटछाट केलेली नसते. सॅव्हेज कंपनीने १९५८ मध्ये ११० ही रायफल आणली. तिची नळी एका मोठ्या नटाने रिसीव्हरला, म्हणजे काडतूस आत ढकलणारा सरकता दांडा (बोल्ट) ज्यात बसतो त्या मुख्य भागाला, आवळलेली होती, आणि त्यामुळे काडतुसामागची जागा, जिला हेडस्पेस म्हणतात, ती कुशल कारागिराने प्रत्येक नगावर हाताने जुळवत बसण्याची गरज उरली नाही. अचूकता आणि कमी खर्च एकत्र नांदू शकतात हे त्या नटाने दाखवून दिले, आणि ॲक्सिससह आजच्या अनेक स्वस्त रायफली त्याच पद्धतीने जोडल्या जातात. २०१२ मध्ये रुगर अमेरिकन आली तेव्हापासून तर शंभर यार्डांवर दीड इंचाचा ग्रुप, म्हणजे लागोपाठच्या गोळ्यांचा पसारा, ही या वर्गात अगदी सामान्य अपेक्षा झाली आहे. दीड इंचाचा ग्रुप तीनशे यार्डांवर साडेचार इंचांचा होतो; हरणाचे मर्मस्थान सुमारे आठ इंचांचे आणि एल्कचे त्याहून बरेच मोठे असते. तेव्हा चुकलेल्या गोळीचा दोष नळीवर टाकण्यास फारसा वाव राहत नाही.

काटछाट होते ती दस्ता, मॅगझिन, बोल्टची घडण, चाप आणि सेफ्टी यांत. यांतल्या काही गोष्टी निव्वळ हाताला खटकतात आणि काही गोष्टी शिकारीत घात करतात, म्हणून दोन्हींतला फरक दुकानातच पारखावा.

दस्ता सर्वांत आधी पाहावा. रायफल रिकामी असल्याची खात्री करून ती उभी धरा आणि दस्त्याचा पुढचा भाग व नळी अंगठा आणि बोटे यांच्या चिमटीत घेऊन दाबा. साच्यातून काढलेल्या पातळ प्लॅस्टिकचा दस्ता असेल, तर तो वाकून नळीला टेकल्याचे बोटांना लगेच जाणवते. त्यानंतर कागदाची एक पट्टी नळी आणि दस्ता यांच्यामध्ये घालून रिसीव्हरपर्यंत सरकवत न्या. ती कोठेही अडता कामा नये. बाकावर वाळूच्या पिशवीवर ठेवलेली रायफल एका जागी मारते, आणि तीच रायफल रानात झाडाच्या बुंध्याला टेकवून किंवा खांद्यावरचा पट्टा ताणून धरली की दुसरीकडे मारते, याचे कारण बहुतेक वेळा हा वाकणारा दस्ताच असतो. रुगरने आपल्या दस्त्यात पोलादाचे दोन व्ही आकाराचे ठोकळे बसवून रिसीव्हरची बैठक पक्की केली आहे, ही चांगली गोष्ट आहे. परंतु पुढच्या भागाचा कडकपणा हा निराळा प्रश्न आहे आणि तो प्रत्येक नगावर हाताने पाहूनच सुटतो. दोष एवढाच असेल, तर दस्ता आतून घासून नळीभोवती जागा वाढवता येते, किंवा पुढे कधी तरी दस्ताच बदलता येतो.

मॅगझिनच्या बाबतीत मात्र मी अजिबात सूट देणार नाही. त्यात सरावाची खोटी काडतुसे भरा आणि बोल्ट आधी सावकाश, मग पूर्ण जोराने मागेपुढे करा. एखादे काडतूस नाक खाली करून अडकते का, मॅगझिन जागेवर बसल्याचा खटका स्पष्ट ऐकू येतो का, आणि हातमोजे घालून ते काढता येते का, हे पाहा. जखमी जनावर उठून चालू लागते तेव्हा दुसरे काडतूस हवे असते, आणि त्या घडीला खडखडणारे मॅगझिन असलेली अचूक रायफल काहीच कामाची नसते. मॅगझिन सुटे होणारे असेल तर दुसरे एक विकत घेऊन ठेवा, कारण पहिले ओढ्याकाठी पडून राहिले की हाती एकेक काडतूस भरायची रायफल उरते.

बोल्ट मागे ओढल्यावर थोडा हलतो किंवा खरखरतो, याची चिंता करू नये. वापराने तो गुळगुळीत होतो. रुगरच्या बोल्टला तीन लग (बोल्टला जागेवर अडकवणारे उंचवटे) असल्यामुळे त्याची मूठ सत्तर अंशच उचलावी लागते, तर ॲक्सिस आणि पेट्रियट यांची नव्वद अंश उचलावी लागते. मूठ आणि दुर्बीण यांच्यामध्ये बोटांना जागा किती राहते, एवढ्यापुरताच हा फरक महत्त्वाचा आहे. चाप मात्र ओढून पाहावा. मूळ ॲक्सिसचा चाप जड होता. ॲक्सिस-२ मध्ये कंपनीचा जुळवता येणारा ॲक्युट्रिगर मिळतो आणि तो थोडा जास्त खर्च सत्कारणी लागतो. सेफ्टी लावलेली असतानाही बोल्ट उघडून काडतूस बाहेर काढता यावे, ही सुरक्षेच्या दृष्टीने मोठी सोय आहे. परंतु ज्या दोन अवस्थांच्या सेफ्टीमध्ये बोल्ट कधीच अडकवला जात नाही, तिच्यात झुडपांतून जाताना मूठ फांदीला लागून वर उचलली जाण्याची शक्यता राहते. नव्या होवाची सेफ्टी तीन अवस्थांची आहे आणि ती या दोन्ही गरजा भागवते.

आता काडतुसाविषयी. आपल्या मित्रांचा आग्रह मला पटत नाही, आणि त्याचे कारण साध्या हिशोबात आहे. आठ पौंडांच्या रायफलीत .३०८ विंचेस्टरचा धक्का सुमारे १६ फूट-पौंडांचा, १८० ग्रेनच्या (ग्रेन हे गोळीच्या वजनाचे एकक) गोळीच्या .३०-०६चा सुमारे २० आणि ६.५ क्रीडमोरचा बारा-तेरा फूट-पौंडांचा असतो. काडतूस तेच राहिले तर रायफल जितकी हलकी, तितकी ही ऊर्जा वाढते. रुगर अमेरिकन सव्वासहा पौंडांच्या आसपास भरते, आणि दुर्बीण धरून सव्वासात. त्या वजनाला .३०-०६चा धक्का बावीसच्या पुढे जातो आणि .३०० विंचेस्टर मॅग्नमचा तिशीला पोहोचतो. स्वस्त रायफल बहुधा हलकी असते आणि तिचे रबराचे पॅडही सुमार असते. अशा रायफलीत मॅग्नम काडतूस घालून .२२ वरून आलेल्या माणसाच्या हाती देणे म्हणजे त्याला डोळे मिटून चाप ओढायला शिकवणे आहे.

मूससाठी एवढी ताकद लागतच नाही. स्वीडनमध्ये पहिल्या वर्गाच्या काडतुसासाठी गोळी ९ ग्रॅमची असल्यास १०० मीटरवर किमान २७०० जूल आणि १० ग्रॅम किंवा अधिक वजनाची असल्यास किमान २००० जूल ऊर्जा लागते, आणि तेथे ६.५×५५ सारख्या सौम्य काडतुसाने पिढ्यान्‌पिढ्या मूस मारले जात आहेत. अमेरिकेतल्या कोलोराडो राज्यात एल्कसाठी किमान .२४ कॅलिबर, ८५ ग्रेनची गोळी आणि १०० यार्डांवर १००० फूट-पौंड एवढी अट आहे. कायद्याची अट ही खालची मर्यादा असते हे मान्य आहे, परंतु .३०८ आणि .३०-०६ तिच्या कितीतरी वर आहेत. आपल्या वर्णनावरून मी .३०८ सुचवेन, मूसची शक्यता खरोखरच मोठी असेल, तर १८० ग्रेन आणि त्याहून जड गोळ्या अधिक वेगाने फेकणारी .३०-०६ घ्यावी. पहिले काडतूस १९५२ मधले आणि दुसरे १९०६ मधले असल्याने दोन्हींसाठी गोळ्यांचे प्रकार मुबलक आहेत.

ठिणगी

व्याध यांनी धक्क्याचा हिशोब मांडला आहे, त्याला मी दस्त्याच्या लांबीची जोड देऊ इच्छिते, कारण तीच गोष्ट बहुतेक पुरुष विक्रेते आणि बहुतेक पुरुष शिकारी विचारात घेत नाहीत.

चापापासून दस्त्याच्या मागच्या टोकापर्यंतचे अंतर कारखान्यातून येणाऱ्या बहुतेक रायफलींत साडेतेरा ते पावणेचौदा इंच असते. माझ्यासारख्या कमी उंचीच्या व्यक्तीला ते लांब पडते. दस्ता लांब पडला की मान पुढे ताणावी लागते, रायफल खांद्याच्या खळग्याऐवजी दंडाकडे सरकते, दुर्बिणीत काळी कडा दिसू लागते आणि तोच धक्का दुप्पट वाटतो. हंगाम थंडीचा असेल तर जाड कोट या लांबीत आणखी भर घालतो, म्हणून आपण ज्या कपड्यांत शिकारीला जाणार त्याच कपड्यांत दुकानात जावे. डोळे मिटून रायफल खांद्याला लावावी, गाल दस्त्यावर टेकवावा आणि मग डोळे उघडावेत. मान जराही न हलवता दुर्बिणीचे पूर्ण वर्तुळ दिसले, तर ती रायफल आपल्या मापाची आहे. रुगर आणि सॅव्हेज या दोन्ही कंपन्यांच्या आखूड दस्त्याच्या आवृत्त्या मिळतात. डावखुऱ्या व्यक्तींसाठीही या कंपन्या डाव्या हाताचा बोल्ट देतात. उजव्या हाताच्या बोल्टशी झगडत बसण्याचे आता काही कारण उरलेले नाही.

दस्त्याची उंचीही पाहावी. स्वस्त दस्त्यांवर गालाची जागा बहुधा खोल असते, कारण तो साचा उघड्या साइट्सच्या काळातल्या आकारावर बेतलेला असतो. दुर्बीण उंच कड्यांवर बसवली की गाल हवेत राहतो आणि हनुवटीच दस्त्याला टेकते. गालाखाली बांधायची एक साधी पट्टी किंवा फोमचा तुकडा यावर पुरेसा होतो, आणि त्याने बाकावरचे ग्रुप किती सुधारतात हे पाहून आश्चर्य वाटते.

धक्क्याचा धसका मनात बसला आहे की नाही, हे ओळखण्याची एक रीत सांगते. सोबत्याला मॅगझिनमध्ये खरी आणि खोटी काडतुसे मिसळून भरायला सांगा, आणि कोणते कधी येणार हे स्वतः पाहू नका. खोट्या काडतुसावर चाप ओढला जाताच दुर्बिणीतली रेघ खाली झटकली गेली, तर खांदा गोळी सुटण्याआधीच घाबरतो आहे. अशा वेळी नवी रायफल किंवा नवे काडतूस शोधण्यापेक्षा आठवडाभर पुन्हा .२२ हाती घ्यावी. माझे मत विचाराल तर ६.५ क्रीडमोर किंवा ७ मिमी-०८ रेमिंग्टन ही काडतुसे एल्कसाठी .३०८ च्या मागे नाहीत, मात्र गोळी चांगल्या बांधणीची असावी आणि अंतराचा संयम असावा. मूसविषयी मी व्याध यांच्याशी सहमत आहे.

कातळ

माझे मत थोडे वेगळे आहे. नवी स्वस्त रायफल घेण्यापेक्षा एक पायरी वरची, परंतु वापरलेली रायफल घ्यावी, असे मी सांगेन. शिकारीची रायफल हंगामात थोड्याच गोळ्या झाडते आणि उरलेले वर्ष कपाटात असते. तिची नळी झिजायला हजारो गोळ्या लागतात. त्यामुळे वापरलेली होवा १५००, तिच्याच ॲक्शनवर (रिसीव्हर आणि बोल्ट यांच्या जोडणीवर) जपानमध्ये होवाच बनवते ती वेदरबी व्हॅनगार्ड, किंवा २००३ मध्ये साको कंपनीने फिनलंडमध्ये बनवायला घेतलेली टिक्का टी३ ही पुष्कळदा नव्या पेट्रियटच्या जवळपासच्या खर्चात मिळून जाते. होवाच्या रिसीव्हरचा तळ सपाट आहे आणि धक्का पेलणारा लग त्याच पोलादात घडवलेला आहे. ती रुगरपेक्षा जड आहे, पण ते वजन खांद्याचा त्रास कमी करते आणि नेम धरताना स्थिर राहते. टिक्काचा बोल्ट ज्याने एकदा चालवला आहे, त्याला तिची शिफारस वेगळी करावी लागत नाही.

वापरलेली रायफल घेताना बोल्ट काढून नळीतून उजेडाकडे पाहावे. नळीच्या आत कोरलेले पेच टोकदार आणि चकचकीत दिसले पाहिजेत, गंजाचे काळे ठिपके नसावेत, आणि चेंबरच्या, म्हणजे काडतूस बसते त्या जागेच्या, लगेच पुढचा भाग भाजलेल्या चामड्यासारखा तडकलेला नसावा. नळीच्या तोंडाची कडा नखाने चाचपावी. तेथे खाच असली तर गोळी बाहेर पडतानाच भरकटते. मग बोल्टच्या लगांची मागची बाजू पाहावी. दोन्ही लगांवर घासल्याची खूण सारखी असेल तर ताण दोघांवर सारखा पडतो आहे असे समजावे. लाकडी दस्त्यावर रिसीव्हरच्या मागच्या टोकाशी बारीक चीर असेल तर दस्ता धक्का नीट पेलत नव्हता. दुर्बीण बसवण्याचे स्क्रू झिजलेले किंवा वाकडे आटे पाडलेले असतील, तर आधीच्या मालकाने घरगुती कारागिरी केली आहे हे उघड आहे.

चापाच्या बाबतीत एक सावधगिरी फार आवश्यक आहे. रेमिंग्टनने एक्स-मार्क प्रो चाप असलेल्या मॉडेल ७०० आणि मॉडेल सेव्हन रायफली २०१४ मध्ये परत मागवल्या होत्या. १ मे २००६ ते ९ एप्रिल २०१४ या काळात बनलेले चाप त्या यादीत येतात. मॉडेल ७०० ही १९६२ पासूनची नावाजलेली रायफल आहे आणि जुन्या बाजारात ती सर्वत्र दिसते, म्हणून त्या काळातला नग समोर आला तर दुरुस्ती झाल्याची खात्री पटल्याखेरीज घेऊ नये. रायफल कोणतीही असो, रिकाम्या अवस्थेत चाप न दाबता सेफ्टी पुन्हापुन्हा लावून काढून पाहावी, बोल्ट जोरात बंद करून पाहावा, आणि एकदाही काडतुसावर आघात करणारी पिन सुटली तर ती तशीच खाली ठेवावी.

माउझर ९८ वर बांधलेल्या जुन्या शिकारी रायफलींचा मोह पुष्कळांना होतो. ती ॲक्शन माझ्या मते आजही अप्रतिम आहे. तिचा लांब पंजा काडतुसाला मॅगझिनमधून बाहेर येतानाच पकडतो आणि मागचा तिसरा लग पुढचे दोन निकामी झाले तरी बोल्टला रोखून धरतो. परंतु फौजी रायफलीवर कोणी तरी नवी नळी चढवलेली असेल, तर बंदूक-कारागिराकडून गेजने हेडस्पेस तपासून घेतल्याशिवाय तीतून एकही काडतूस झाडू नये.

पहाटवारा

सर्वांचे मनःपूर्वक आभार. कागदाची पट्टी घेऊन मी दोन दुकाने पालथी घातली. एका रायफलीत ती पट्टी उजव्या बाजूला अर्ध्यावरच अडकली. त्याच कंपनीच्या शेजारच्या नगात सरळ रिसीव्हरपर्यंत गेली. होवाचे वजन मला अंगावर आले नाही, उलट ती खांद्याला नीट बसली. आता .३०८ मधली होवा, नवी किंवा वापरलेली, येथपर्यंत माझा विचार आला आहे.

दोन शंका राहिल्या आहेत. उरलेल्या रकमेत दुर्बिणीवर किती भार द्यावा आणि तिची शक्ती किती असावी? शिवाय मी जेथे जाणार तेथे शिशाच्या गोळ्यांवर बंदी येण्याची शक्यता आहे, तेव्हा तांब्याच्या गोळ्यांसाठी .३०८ कमी पडेल का?

मृगशीर्ष

दुर्बिणीविषयी माझे ठाम मत आहे. रायफल स्वस्त घेतली तर चालते. दुर्बीण अगदी स्वस्त घेतली तर चालत नाही. एकूण रकमेचा निम्म्याच्या जवळचा वाटा दुर्बीण आणि कडी यांना द्यावा लागला, तरी मी तो देईन.

३ ते ९ पट शक्ती आणि ४० मिलिमीटरचे भिंग हे मोजमाप आपल्या वर्णनाला पुरेपूर बसते. तीन पटीवर झाडीतले जनावर लवकर सापडते आणि तीनशे यार्डांवर नऊ पट पुष्कळ होते. चौदा किंवा अठरा पटींच्या मागे लागून स्वस्तात मोठे आकडे घेण्यापेक्षा, त्याच रकमेत कमी आकड्यांची पण चांगल्या काचेची दुर्बीण घ्यावी. भिंगाचा व्यास शक्तीने भागला की डोळ्यापर्यंत पोहोचणाऱ्या प्रकाशझोताचा व्यास मिळतो. सहा पटीवर ४० मिलिमीटरचे भिंग साडेसहा मिलिमीटरहून थोडा अधिक झोत देते, आणि अंधुक उजेडातही माणसाची बाहुली त्याहून फारशी मोठी होत नाही. जनावरे पहाटे आणि तिन्हीसांजेलाच बाहेर पडतात, त्यामुळे दुकानाच्या झगझगीत दिव्यांखाली दुर्बीण पारखू नये. शक्य असल्यास ती संध्याकाळी दाराबाहेर नेऊन लांबच्या झाडाच्या सावलीतली फांदी ओळखू येते का, हे पाहावे. डोळा आणि भिंग यांत साडेतीन इंचांचे तरी अंतर राहिले पाहिजे, नाहीतर धक्क्याबरोबर भुवई फुटते.

"रायफल कुठेही मारते" अशी तक्रार घेऊन येणाऱ्यांच्या रायफली पाहिल्या, तर बहुतेकांच्या कड्यांचे स्क्रू ढिले निघतात. कड्या ज्यावर बसतात त्या बेसचे स्क्रू आणि त्यांची भोके तेलाचा अंशही न ठेवता पुसून घ्यावीत आणि स्क्रू टॉर्क, म्हणजे आवळण्याचा जोर, मोजणाऱ्या पेचकसाने आवळावेत. कड्यांच्या वरच्या पट्टीला बहुतेक उत्पादक पंधरा ते अठरा इंच-पौंड सांगतात. आपल्या कड्यांबरोबर आलेल्या पत्रकात दिलेला आकडाच प्रमाण मानावा. अंदाजाने आवळलेली पट्टी दुर्बिणीची नळी चेपते. त्यानंतर बोल्ट काढून रायफल वाळूच्या पिशव्यांवर घट्ट ठेवा, मागून नळीच्या पोकळीतून पाहत पंचवीस यार्डांवरचे काळे वर्तुळ बरोबर मध्ये आणा आणि रायफल न हलवता दुर्बिणीची रेघ त्याच वर्तुळावर वळवा. एवढे केले की पहिली गोळी कागदावरच पडते आणि काडतुसे वाचतात.

तांब्याच्या गोळ्यांविषयी काळजी करू नये. कॅलिफोर्नियात १ जुलै २०१९ पासून कोणत्याही वन्य प्राण्याच्या शिकारीसाठी बंदुकीतून शिशाची गोळी वापरता येत नाही, आणि तेथेही लोक .३०८ वापरतातच. तांबे शिशापेक्षा हलके असल्याने त्याच वजनाची गोळी लांब होते. म्हणून वजन एक पायरी कमी घ्यावे. शिशाची १६५ ग्रेनची गोळी वापरणाऱ्याने तांब्याची १५० ग्रेनची घेतली, तर तिचे वजन आत शिरताना जवळजवळ तसेच राहते आणि ती एल्कच्या खांद्यातूनही खोल जाते. तांब्याच्या गोळीला उमलण्यासाठी वेग हवा असतो. बहुतेक गोळ्यांना सेकंदाला १८०० ते २००० फूट लागतात, आणि .३०८ मधून सुटलेली १५० ग्रेनची गोळी तीनशे यार्डांवर त्याच्या वरच असते.

व्याध

होवाची निवड चांगली आहे, आणि कातळ यांच्या सल्ल्याने वापरलेली मिळाली तर दुर्बिणीला हात मोकळा राहील.

आता काडतुसे घेताना एकाच प्रकारची दहा खोकी आणू नका. वेगवेगळ्या तीन-चार प्रकारांचे एकेक खोके घ्या, प्रत्येकाचे तीन गोळ्यांचे दोन-तीन ग्रुप पाडा आणि प्रत्येक ग्रुपनंतर नळी हाताला थंड लागेपर्यंत थांबा. एकच रायफल एका काडतुसाने इंचभराचा आणि दुसऱ्याने अडीच इंचांचा ग्रुप पाडते, आणि त्यामागचे कारण खोक्यावर कोठेही लिहिलेले नसते. जो प्रकार तिला मानवेल त्याचा साठा करा, आणि शक्य असेल तर खोक्यावरचा उत्पादन-क्रमांक एकच असू द्या.

झीरो, म्हणजे दुर्बिणीची रेघ आणि गोळी यांचा मेळ, शंभर यार्डांवर नेमका न करता गोळी तेथे अडीच इंच वर पडेल असा करावा. १६५ ग्रेनची .३०८ गोळी सेकंदाला २७०० फुटांनी सुटत असेल, तर ती दोनशे यार्डांवर इंचभर वर, अडीचशेवर सुमारे दोन इंच खाली आणि तीनशेवर सहा-सात इंच खाली जाते. म्हणजे अडीचशे यार्डांपर्यंत हरणावरही नेम खांद्यामागे मध्यावरच धरायचा. काही मोजावे लागत नाही. तांब्याची हलकी गोळी घेतली तर हे आकडे थोडे बदलतील, म्हणून कागदावर दोनशे आणि शक्य असल्यास तीनशे यार्डांवर प्रत्यक्ष मारून ते पडताळा आणि दस्त्यावर चिकटपट्टीवर लिहून ठेवा.

बाकावरचा सराव झीरो झाल्यावर थांबवा. उरलेली काडतुसे गुडघ्यावर बसून, काठ्यांच्या आधाराने आणि झाडाला टेकून झाडा, आणि ज्या अंतरावर या आसनांतून पाचच्या पाच गोळ्या आठ इंचांच्या ताटलीत पडतात, ती या हंगामापुरती आपली मर्यादा समजा. ती दीडशे यार्ड निघाली तर पलीकडच्या उतारावरच्या एल्कवर गोळी झाडू नये, ओढ्यात उतरून वाऱ्याच्या खालच्या अंगाने अंतर कमी करावे.